सिद्धांताची शीव बांधावर कळते

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मालमत्तेचा हक्क माणसाला जन्मतः असतो, सरकार तो देत नाही. सरकारने चोर पकडावेत, करार मोडणाऱ्याला कोर्टात उभं करावं आणि बाकी सगळं खरेदी-विक्रीवर सोडून द्यावं. शेतजमिनीत सरकारने नाक खुपसलं नसतं तर इतके खटले झालेच नसते. तुम्ही रोज जमिनीचेच दावे चालवता. तुम्हाला हे पटतं का?"

अर्धं पटतं. कोणतं अर्धं, ते सांगायला जरा वेळ लागेल. मी पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं महसुली आणि दिवाणी वकिली करतो आहे. राज्यशास्त्राची पुस्तकं कॉलेजात वाचली. मालकी म्हणजे काय हे मात्र तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आणि भर उन्हात बांधावर उभं राहून कळलं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मागच्या वर्षीची एक हद्द कायम मोजणी. दोन लगतचे गट, एकात ऊस, दुसऱ्यात कांदा. उसवाला म्हणतो, बांधावरची बाभूळ आमच्या आज्यानं लावली, तीच हद्द. कांदेवाला म्हणतो, बाभूळ आमच्यात आहे, खुशाल मोजा. लगतधारकांना नोटिसा बजावलेल्या, सगळे टोप्या घालून हजर. पूर्वी शंकू-साखळीने मोजायचे, नंतर प्लेन टेबल आलं, आता भूकरमापक काठीवर रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र, लावून फिरतो. यंत्र नवं असलं तरी तो शेवटी उघडतो ते जुनं टिपण. पिवळा पडलेला कागद, त्यावर शेताची आकृती आणि साखळीची मापं. त्या मापांवरून त्याने खूण केली. ती बाभळीजवळ नव्हतीच, उसात आठ फूट आत निघाली. आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत सरकायचं. कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तीस-चाळीस वर्षांत पट्टा इकडचा तिकडे होतो.

आता तुमचा सिद्धांत इथे लावून पाहा. पट्ट्यात घाम गाळला उसवाल्याने. ताबा त्याचा, मेहनत त्याची, खत-पाणी त्याचं. कांदेवाल्याच्या बाजूने फक्त एक सरकारी कागद. सतराव्या शतकात जॉन लॉक म्हणाला की माणूस आपले श्रम जमिनीत मिसळतो आणि म्हणून ती त्याची होते. त्या हिशेबाने पट्टा कोरणाऱ्याचा व्हायला हवा. तुम्ही म्हणाल, छे, ती चोरीच आहे. पण चोरी आहे हे कशावरून ठरलं? टिपणावरून. आणि टिपण कुणी केलं? सरकारने.

तुम्ही म्हणाल, दोघांनी बसून सौदा करावा, पट्ट्याची किंमत ठरवावी, विषय संपला. जरूर करावा. मी स्वतः पक्षकारांना आधी हेच सांगतो. पण सौद्यात विकणारा कोण आणि घेणारा कोण, हे आधी ठरावं लागतं. भांडण नेमकं त्याचंच आहे. बाजार मालकीच्या पुढे सुरू होतो. मालकी कुठे सुरू होते हे बाजाराला ठरवता येत नाही.

इंग्रजांच्या आधीही शिवेचे तंटे होतेच. गोतसभा बसायची, महजर म्हणजे निवाड्याचा कागद व्हायचा, साक्षीने सुटलं नाही तर दिव्यापर्यंत, म्हणजे देवावर सोपवलेल्या परीक्षेपर्यंत जायचं. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपात हात घालून धातूचा तुकडा बाहेर काढायचा, हात भाजला की दावा खोटा. ते चांगलं होतं असं म्हणत नाही. पण कुणीतरी शब्द टाकायचा आणि गावाने तो मानायचा, ही गरज तेव्हाही होती. मग १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीने मोजणी आणि आकारणी केली. त्याआधीची प्रिंगल या अधिकाऱ्याची आकारणी इतकी फसली होती की रयत शेतं टाकून जात होती. नव्या पद्धतीत प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येकाला आकार म्हणजे ठरलेला सारा, आणि हा आकार तीस वर्षं कायम. आज तुम्ही ज्याला 'माझा नंबर' म्हणता तो तिथून आला. सरकारने हे आपल्या हक्कांच्या काळजीने केलं नव्हतं, सारा कुणाकडून वसूल करायचा हे कळावं म्हणून केलं. मालकीची नोंद ही सारावसुलीची पोरगी आहे. म्हणूनच आजही सातबारा हा महसुली अभिलेख मानला जातो, मालकीचा अंतिम पुरावा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच.

इथे 'सरकारने फक्त कोर्ट चालवावं' या वाक्याचा खर्च कळतो. कोर्ट हवेतून निकाल देत नाही. त्याला नकाशा लागतो, फेरफार म्हणजे हक्कबदलाची नोंद लागते, नोंदणीकृत दस्त लागतो. आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दस्त नोंदला जातो, हक्क नोंदला जात नाही. दुय्यम निबंधक विकणाऱ्याचा फोटो आणि अंगठा घेतो, पण तो खरोखर मालक आहे याची हमी देत नाही. म्हणून तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यायला माझ्यासारख्याला पैसे द्यावे लागतात. (माझं पोट त्यावर चालतं, तेव्हा तक्रार मी करू नये.) ऑस्ट्रेलियात १८५८ पासून टॉरेन्स पद्धत आहे, तिथे सरकारच नोंदीची हमी घेतं. गंमत पाहा : व्यवहार तिथे सोपा झाला तो सरकारने जबाबदारी वाढवल्यामुळे.

आता करार. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेल्या करारात कुणी पडू नये, हे तुमचं दुसरं म्हणणं. ते पुणे आणि नगर जिल्ह्यांत खूप आधी करून पाहिलं गेलं आहे. रयतवारीत, म्हणजे सारा थेट कसणाऱ्याकडून घ्यायच्या पद्धतीत, शेत खातेदाराच्या नावे झालं, म्हणजेच तारण ठेवता येऊ लागलं, विकता येऊ लागलं. पूर्वी मिरासी, म्हणजे वंशपरंपरेची जमीन गावाच्या नजरेआड सहज हलत नसे. त्यात १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, कापसाचे भाव कडाडले, सावकारांनी सढळ हाताने पैसे दिले. युद्ध संपलं, भाव पडले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून आकार वाढवले गेले. १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या रोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षं केली होती. हेतू चांगला होता, जुन्या कर्जाचं भूत मानेवर बसू नये हा. झालं उलट. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि साठलेलं व्याज मुद्दलात टाकू लागला. कुणबी अंगठा उठवायचा. दावा लागला की समन्स त्याच्यापर्यंत पोचो न पोचो, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. प्रत्येक कागद कायदेशीर, प्रत्येक करार 'स्वेच्छेचा'.

१२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक सावकारांच्या घरांवर गेले. त्यांना हवे होते ते रोखे आणि खतं. ती हिसकावून जाळली. जिथे कागद निमूट हाती आले तिथे माणसांना बहुतेक हात लावला नाही. लोकांना नेमकं कळलं होतं की आपली जमीन कुठे ठेवली आहे. आणि मग सरकारने काय केलं? करारस्वातंत्र्यावर श्रद्धा असलेल्या त्याच इंग्रज सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन पाहायला सांगितलं : खरं मुद्दल किती होतं, व्याज किती लावलं, माणसाला किती हप्ते झेपतील. या प्रसंगाचा उपयोग तुम्हीही करू शकता. म्हणा की जास्त सारा सरकारने घेतला, मुदतीचा कायदा सरकारने केला, दोष सरकारचाच. मी नाही म्हणणार नाही. पण सरकारला त्या गोष्टीतून काढून टाकलं तर सावकाराचा हुकूमनामा बजावणार कोण? बेलिफसुद्धा सरकारचाच होता.

'राजीखुशीने' हा शब्द मी रोज लिहितो, म्हणून त्याच्याबद्दल जरा हळवा आहे. बहिणी हक्कसोडपत्र करून द्यायला येतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. मी प्रत्येकीला दस्त वाचून दाखवतो आणि विचारतो, "ताई, मोबदला काही घेतलाय?" एक ताई म्हणाली, "माहेर ठेवलंय ना चालू." तुमच्या सिद्धांतात हा मोबदला कुठे मांडायचा ते मला सांगा. तुमच्या बाजूचं एक नाव इथे आदराने घेतो, शरद जोशींचं. शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य द्या म्हणून आयुष्यभर भांडलेला हा माणूस. पण त्यांनीच लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून पुरुषांना सांगितलं की बायकोच्या नावे जमीन करून द्या. मालकाच्या घरात कोण मालक, हा प्रश्न त्यांना सुटलेला वाटला नव्हता.

आता कूळकायदा, म्हणजे तुमच्या दृष्टीने मोठं पाप. १९४८ च्या कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने मालक मानला गेला. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची, साधारणपणे आकाराच्या २० ते २०० पटींमध्ये. म्हणजे पाच रुपये आकाराच्या शेताची किंमत जास्तीत जास्त हजार रुपये, तीही हप्त्याने. जमीनमालकाच्या घरात आजही हे ऐकवलं जातं : "आमची लुटली." कुळाच्या घरात ऐकवलं जातं : "आमचीच होती, फक्त कागदावर आली."

रॉबर्ट नोझिक हा तुमच्या पंथाचा मोठा माणूस. १९७४ साली त्याने मांडलं की मिळवणं न्याय्य असेल आणि हस्तांतर न्याय्य असेल तर मालकी न्याय्य. पण तिसरी गोष्टही त्याने प्रामाणिकपणे लिहिली : मागे अन्याय झाला असेल तर तो दुरुस्त करावा लागेल. हे तिसरं कलम बहुतेक लोक वाचून सोडून देतात. आमच्या भागातली कुठलीही जुनी इनाम जमीन घ्या. सनद पेशव्यांची. ती खरी की खोटी हे १८५२ च्या कायद्याखाली कंपनीच्या इनाम कमिशनने तपासलं, काही इनामं ठेवली, काही खालसा म्हणजे सरकारजमा केली. पुढे इनामदाराने जमीन गहाण टाकली, सावकाराने लिलावात घेतली, आणि या सगळ्या काळात नांगर एकाच घराच्या खांद्यावर. यातली कुठली पायरी 'मूळ न्याय्य मिळवणूक'? मी पुष्कळ फेरफार उलटे वाचत गेलो आहे. तळाशी रिकामी, कुणाची नसलेली जमीन आणि घाम गाळणारा पहिला माणूस मला एकदाही सापडलेला नाही. तळाशी असतो तो कुणाचातरी हुकूम.

कूळकायदा शहाणपणाने राबवला गेला असं मात्र म्हणवत नाही. जमीनमालक विधवा असेल, अज्ञान म्हणजे वयाने लहान असेल, तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला गेला, आणि नंतर कुळाने मुदतीत नोटीस द्यायची होती. नोटीस म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याने ती द्यायची. त्या एका न दिलेल्या नोटिशीवर नातवंडांच्या पिढीत दावे चालले आहेत. आणि मालक केलेल्या कुळाच्या पायात बेडीही ठेवली. सातबाऱ्यावर इतर हक्कात कलम ४३ चा शेरा, विकायचं तर परवानगी. २०१४ नंतर खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून सुटका होते. पाच रुपये आकाराला दोनशे रुपये. या दोनशे रुपयांच्या कामासाठी त्याआधी लोकांनी चपला झिजवल्या, आणि चपलांपेक्षा महाग गोष्टीही.

इथे तुमचं अर्धं येतं, आणि ते मी मनापासून मान्य करतो. मालमत्ता हिसकावणारा सर्वांत मोठा हात सरकारचाच असतो. मूळ घटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. १९५१ मध्ये नववी अनुसूची आली, तिच्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येईना. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला आणि कलम ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला. आणीबाणीनंतर स्वातंत्र्य परत आणणाऱ्या जनता सरकारने हे केलं, याचं मला कॉलेजात आश्चर्य वाटायचं, आता वाटत नाही. शेतजमीन फक्त शेतकऱ्यानेच घ्यायची हे कूळकायद्याचं कलम ६३ शेतकऱ्याचं रक्षण म्हणून आलं. प्रत्यक्षात त्याने गिऱ्हाईक कमी करून शेतकऱ्याचाच भाव पाडला, आणि तीच जमीन बिनशेती झाली की भाव उडाला, तोवर ती बहुधा दुसऱ्याच्या हातात गेलेली. लहान तुकड्यांच्या व्यवहाराला मनाई करणाऱ्या तुकडेबंदीने तुकडे थांबले नाहीत, फक्त ते नोटरीच्या कागदावर गेले. विखुरलेले तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत कचेरीत बसून गट पाडले, तेव्हा एकाचं नाव दुसऱ्याच्या ताब्यावर चढलं. २०२३ मध्ये सलोखा योजना आणावी लागली : बारा वर्षं ताबा उलटसुलट असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करा. सरकारने स्वतःच्या चुकीवर लावलेलं हे ठिगळ आहे, पण चांगलं ठिगळ आहे.

तरीही मुळशी विसरू नका. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसह मावळ्यांनी सत्याग्रह केला. जमीन हवी होती खासगी कंपनीला, विजेच्या धंद्यासाठी. ती बाजारात जाऊन, एकेका मावळ्याशी भाव करून घेतली गेली नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपनीसाठी जमीन संपादन करायची तरतूद होती, ती सरकारने वापरली. आणि त्यातही पुण्याचे सावकार, ज्यांच्या नावावर बरीच जमीन होती, मोबदल्याला राजी झाले. बुडणार होता तो कसणारा. आता सांगा, या गोष्टीत बाजार कोण आणि सरकार कोण? तुमच्या मांडणीत ते समोरासमोर उभे असतात. मुळशीत ते एका बैलगाडीत होते. २०१३ च्या कायद्याने खासगी कंपनीसाठी संपादन करायचं तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. त्यासाठी मधे नव्वद वर्षं गेली. उलट उदाहरणही देतो, हडपसरच्या मगरपट्ट्याचं. शेतकऱ्यांनी स्वतः जमिनी एकत्र केल्या, कंपनी काढली, भागीदार झाले. तिथे तुमचा सिद्धांत बऱ्यापैकी चालला, सरकारी परवानग्या मिळाल्यावर.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद फारसा उरत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून समजूत अशी की माझ्या जमिनीखालचं पाणी मी हवं तेवढं उपसावं. शेजाऱ्याने सहाशे फूट बोअर घेतलं की माझी विहीर मार्चमध्ये कोरडी. त्याने माझ्या बांधाला हातही लावलेला नाही. याच्यावर सरकारने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको असा कायदा १९९३ मध्ये केला होता, पण असल्या नियमांची अंमलबजावणी कशी होते ते गावात येऊन पाहा. पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर वेगळंच काही केलं. पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. उसाला बंदी. हे सरकारने लादलं नव्हतं, आणि बाजारात तर असला हक्क कुणी विकायलाच काढला नसता. गावाने बसून मालकीची नवी व्याख्या केली. बाजारवाद्यांनी आणि सरकारवाद्यांनी दोघांनी नायगावला जाऊन यावं असं मला फार वाटतं.

तुम्ही मला विचारलंत, म्हणून माझ्या घरचंही सांगतो. माझे पणजोबा सावकारी करायचे. आमच्या जमिनीचा जुन्यात जुना कागद म्हणजे दरखास्तीतला, हुकूमनाम्याच्या बजावणीतला लिलाव, एकोणीस एकर. ज्याची होती तोच नंतर तीच जमीन आमचा कूळ म्हणून कसत राहिला. १९५७ ला त्यातली चौदा एकर त्याच्या मुलाच्या नावे झाली. आजोबा मरेपर्यंत त्या घरचं पाणी प्यायले नाहीत. उरलेली पाच एकर मी दोन वर्षांमागे मोजून घेतली, वकिलाच्या घरची मोजणी नको का व्हायला. दोन गुंठे आमच्याकडे जास्त निघाले, त्यांच्याकडचे. क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, दोघांनाही मिळाली आहे. त्यांचा नातू परवा ऑफिसात आला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, दगड कधी रोवायचे?"

मी म्हणालो, ऊस निघाल्यावर.